‘६०-६०, ९२-८८’ म्हणजे काय? कापड नावावरून नव्हे, बांधणीवरून ओळखा

चोपड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरीच चार मशिनी टाकून त्या कुर्त्या, ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवून देतात. कापड कधी जळगावहून आणतात, कधी सुरतहून. एक व्यापारी त्यांना ‘६०-६०, ९२-८८’ असे आकडे सांगतो, दुसरा तसंच कापड केंब्रिक म्हणून दाखवतो, तिसऱ्याने ‘प्युअर कॉटन’ म्हणून दिलेलं भलतंच निघालं. आखाजीच्या आधी शिवलेल्या कुर्त्या पहिल्याच धुण्यात दीड-दोन इंच आटल्या आणि बोलणी ताईंना खावी लागली. त्या विचारतात, कापडांची नावं तरी किती पाठ करायची?

ताई, नावं पाठ करून भागणार नाही. पॉपलिन या एकाच नावाखाली तुम्हाला चौरस मीटरला ९० ग्रॅम भरणारं कापड मिळेल आणि १२५ ग्रॅमचंही, शुद्ध सुती मिळेल आणि निम्मं पॉलिस्टर घातलेलंही. व्यापारी खोटं बोलतोच असं नाही, पण नुसत्या नावातून फार थोडं कळतं. कापड ओळखायचं ते धागा कशाचा आहे, किती बारीक आहे, वीण कोणती, दाटी किती आणि मागावरून उतरल्यावर त्यावर काय प्रक्रिया झाली यावरून. मी आधी मागावर आणि मग ग्रे कापडाच्या, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाच्या, व्यापारात आयुष्य काढलंय. एवढ्या गोष्टी ज्याला वाचता येतात त्याला नवीन नावाचं कापड समोर आलं तरी अडत नाही. म्हणून त्याच जरा नीट सांगतो.

पहिल्यांदा आकडे. ‘६०-६०, ९२-८८’ यातले पहिले दोन आकडे सुताचे नंबर आहेत: ताणा ६० नंबरचा, बाणा ६० नंबरचा. ताणा म्हणजे ताक्याच्या लांबीत, किनारीला समांतर जाणारा उभा धागा आणि बाणा म्हणजे पन्ह्यात जाणारा आडवा. पुढचे दोन आकडे दाटीचे: एका इंचात ताण्याचे ९२ धागे आणि बाण्याचे ८८. बाजारात यालाच रीड आणि पिक म्हणतात.

सुताच्या नंबरात सगळेच सुरुवातीला उलटं धरतात. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. हिशोब जुना इंग्रजी आहे. ८४० वारांची एक लडी धरायची आणि एक पौंड वजनात अशा किती लड्या बसतात ते मोजायचं. तीस लड्या बसल्या तर ३० नंबर, साठ बसल्या तर ६० नंबर. म्हणजे ६० चं सूत ३० च्या निम्म्या वजनाचं. पॉलिस्टरच्या धाग्याला मात्र डेनियर लावतात आणि तिथे गणित फिरतं: ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. त्यामुळे सुरतच्या मालात १५० डेनियर जाड आणि ७५ डेनियर बारीक.

बारीक सूत महाग का पडतं, याचं उत्तर आपल्या शेतातच आहे. खानदेशात आज पिकणाऱ्या कापसाच्या तंतूची लांबी साधारण २८ ते ३० मिलिमीटर असते. एवढ्या लांबीच्या रुईतून ३० आणि ४० नंबरचं सूत उत्तम निघतं. ६० नंबर चांगला काढायचा तर जास्त लांब तंतूची रुई घ्यावी लागते आणि तिचं कोंबिंग करून आखूड तंतू काढून टाकावे लागतात. त्यात वजन घटतं, खर्च वाढतो. ८० आणि १०० नंबरसाठी डीसीएच-३२ किंवा सुविनसारखा अतिलांब तंतूचा कापूसच लागतो. आपल्या आजोबांच्या काळातला गावरान कापूस आखूड तंतूचा होता. त्याचं सूत जाडं निघायचं आणि कापड भरभरीत, पण टिकाऊ. कापूस पिकवणाऱ्या माणसाने हे जरूर लक्षात घ्यावं, कारण गाठीचा भाव ठरतो त्यात वजनाइतकाच तंतूच्या लांबीचा वाटा असतो.

एकेकाळी हे ज्ञान आपल्या घराघरांत होतं. अमळनेरला प्रताप मिल, जळगावला खानदेश मिल चालू होती तेव्हा रीड, पिक, काउंट (म्हणजे सुताचा नंबर) हे शब्द जेवणाच्या ताटावर बोलले जायचे. आता आपल्याकडून १७० किलोच्या रुईच्या गाठी बाहेर जातात आणि कापड बाहेरून येतं. ग्रे कापड मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचं, पॉलिस्टर सुरतचं, पँटचं सुटिंग भिलवाड्याचं, अस्तराचं रंगीत पॉपलिन बरंचसं बालोतरा-पालीकडून रंगून आलेलं. कापूस आपला असूनही कापडाची भाषा आपण विसरलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे एवढं लांब लिहायचं कारणही तेच.

नंबराच्या आधी कधी ‘दोन’ लागतो, जसं २/८० किंवा २/१००. म्हणजे ८० नंबरचे दोन धागे एकत्र पिळून केलेला एक धागा. त्याची जाडी ४० नंबरच्या एकेरी धाग्याएवढी होते, पण तो गोल, एकसारखा आणि कितीतरी मजबूत असतो. ब्लाउजचं ‘टू बाय टू’ कापड तुम्ही रोज हाताळता, त्या नावाचा अर्थ हाच: ताणाही दुहेरी पिळाचा आणि बाणाही. ‘टू बाय वन’ म्हणजे ताणा दुहेरी, बाणा एकेरी. खरं टू बाय टू रुबिया वर्षानुवर्षं धुतलं तरी शिवणीजवळ उसवत नाही. टू बाय वन त्याच रंगात, त्याच घडीत, थोडं स्वस्त मिळतं. ओळखायचं कसं? कापडाच्या कोपऱ्यातून एक उभा आणि एक आडवा धागा ओढून काढा. प्रत्येक धागा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून पिळाच्या उलट दिशेने फिरवा. दुहेरी असेल तर दोन वेगळे धागे डोळ्यांसमोर सुटे होतात. एकेरी असेल तर पीळ उलगडून कापूस मोकळा होतो आणि धागा तुटतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि दुकानदाराला त्यात वावगंही वाटत नाही.

दाटी मोजायला कापडवाल्यांचं एक घडीचं भिंग मिळतं, त्याला पिक ग्लास म्हणतात. त्याच्या बुडाशी एक इंचाची चौकट असते. कापडावर ठेवायचं आणि सुईच्या टोकाने एकेक धागा मोजत जायचं. भिंग नसेल तर एक इंच बाय एक इंच तुकडा बिनचूक कापून धागे उसवून मोजा. सुरुवातीला डोळे शिणतात, मग हात बसतो. एक गोष्ट ध्यानात असू द्या. व्यापारी जो आकडा सांगतो तो बहुतेक वेळा ग्रे कापडाचा, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा असतो. ४८ इंच पन्ह्याचं ग्रे धुऊन, रंगवून ४४ इंचांवर येतं. पन्हा आक्रसला की तेच ९२ धागे जवळ येतात आणि तयार कापडात शंभराच्या आसपास भरतात. लांबीकडून मात्र प्रक्रियेत कापड ओढलं जातं, म्हणून पिक दोन-चारने कमी दिसू शकतो. तेव्हा तयार कापडात ताणा ९२ पेक्षा थोडा जास्त आला तर माल बरोबर आहे. ८० आला तर सांगितलेला माल तो नव्हे, हे निश्चित.

आता वीण. पायाभूत विणी तीनच आहेत. साध्या विणीत बाण्याचा धागा एका ताण्याच्या वरून, पुढच्याच्या खालून असा जातो, नवारीच्या खाटेसारखा. ट्विलमध्ये तो दोन किंवा तीन धागे सोडून जातो आणि प्रत्येक ओळीत एक घर सरकतो, त्यामुळे कापडावर तिरकी रेघ उमटते. साटिनमध्ये धागा चार किंवा अधिक धाग्यांवरून मोकळा तरंगत जातो आणि जिथे अडकतो ते टाके विखरून टाकलेले असतात, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत आणि चमकदार दिसतो. बाकी डॉबी, जेकार्ड, मॅटी, हे यांचेच विस्तार. मॅटीत आणि ऑक्सफर्डमध्ये एकाऐवजी धाग्यांच्या जोड्या चालवतात, एवढाच फरक.

विणीचा परिणाम शिवणाऱ्याला लगेच कळतो. साधी वीण जास्तीत जास्त ठिकाणी अडकलेली असते, म्हणून ती घट्ट, हलकी आणि चुरगळणारी. ट्विलमध्ये अडकण्याच्या जागा कमी, म्हणून एका इंचात जास्त धागे ठोकता येतात. कापड जाड, मजबूत होतं आणि तरीही लवचिक राहतं. त्यामुळे खाकी ड्रिल, गॅबर्डिन, डेनिम, सगळ्या पँटी ट्विलच्या. डेनिममध्ये ताणा निळीने रंगवलेला आणि बाणा पांढरा असतो. ताणा तीन बाण्यांवरून जाऊन एकाखालून जातो, म्हणून जीन्स पुढून निळी आणि आतून पांढुरकी दिसते. साटिन दिसायला देखणं, पण तरंगणारा धागा नखाला, बांगडीला, चेनला अडकतो. लग्नसराईत गिऱ्हाईक साटिनचा ब्लाउज मागतं तेव्हा अंगाबरोबर घट्ट शिवू नका. शिवणीवर ताण आला की साटिनचे धागे सरकतात आणि शिवणीच्या कडेला फट पडते.

एवढं समजलं की नावं आपोआप जागेवर बसतात. मांजरपाट म्हणजे जाड सुताची साधी वीण, ब्लीच न केलेली. आपल्याकडे बिबड्या वाळत घालण्यापासून बंडीपर्यंत सगळीकडे चालते ती. केंब्रिक म्हणजे बारीक सुताची साधी वीण, ज्यात ताण्या-बाण्याची दाटी जवळजवळ सारखी असते आणि वरून रूळ फिरवून कापड सपाट केलेलं असतं. म्हणून तुमचा पहिला आणि दुसरा व्यापारी, दोघेही एकच गोष्ट सांगत होते: ६०-६०, ९२-८८ हे केंब्रिकच. मलमल म्हणजे तसंच किंवा त्याहून बारीक सूत, पण दाटी बरीच कमी, म्हणून झिरझिरीत. व्हॉइल दिसतं मलमलीसारखं, पण त्याच्या सुताला जास्तीचा पीळ दिलेला असतो. त्यामुळे कापड हाताला किंचित करकरीत लागतं, अंगाला चिकटत नाही आणि त्यातून वारा खेळतो. वैशाखात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा मला व्हॉइलहून सुखाचं कापड ठाऊक नाही. जॉर्जेटलाही जास्त पिळाचाच धागा लागतो. त्यात एक धागा उजव्या पिळाचा, एक डाव्या, असे आलटूनपालटून घालतात आणि त्या ओढाताणीतून त्याचा बारीक सुरकुतलेला पोत येतो.

पॉपलिनही साध्याच विणीचं, पण त्यात ताणा बाण्याच्या जवळजवळ दुप्पट दाट. ४०-४०, १३३-७२ ही त्याची प्रसिद्ध बांधणी. ताणा इतका गफ असतो की बाणा त्याच्याखाली झाकला जातो आणि कापडावर अगदी बारीक आडव्या रेघा उमटतात. भिंगातून स्पष्ट दिसतात. दुकानात ‘पॉपलिन’ म्हणून जे पुढ्यात येतं त्यात या रेघा दिसतात का, ते पाहा. ताणा-बाणा सारखेच दिसले तर ते पॉपलिन नव्हे, साधं शीटिंग किंवा केंब्रिक आहे, आणि त्याचा भावही तसाच हवा.

या आकड्यांवरून वजन काढता येतं. मला हे सगळ्यांत उपयोगी वाटतं. रीडला ताण्याच्या नंबराने भागा, पिकला बाण्याच्या नंबराने भागा, दोन्हींची बेरीज करा आणि २३.२५ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, ज्याला सगळे जीएसएम म्हणतात. त्यात चार-पाच टक्के वाढवा, कारण धागा कापडात सरळ नसतो, नागमोडी जातो. केंब्रिकचं करून पाहू: ९२ भागिले ६० म्हणजे १.५३, ८८ भागिले ६० म्हणजे १.४७, बेरीज ३. गुणिले २३.२५, सुमारे ७०. नागमोडीचे धरून ७३. पॉपलिनचं: १३३ भागिले ४० म्हणजे ३.३२, ७२ भागिले ४० म्हणजे १.८, बेरीज ५.१२, गुणाकार ११९, वाढवून १२४-१२५.

आणि वजन प्रत्यक्ष ताडून पाहायला कारखाना लागत नाही. बरोबर १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटर तुकडा कापा आणि ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवा. आपल्याकडे सराफाची काय कमी आहे! काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील त्याला १०० ने गुणलं की जीएसएम. पॉपलिनचा तुकडा १.२५ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे, केंब्रिकचा ०.७३ च्या. चौरस मीटरला पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे झाले तर चालतं.

आता समजा ६०-६० सांगितलेलं केंब्रिक हाताला भरदार लागतंय आणि काट्यावर ०.९० दाखवतंय. आनंद मानू नका. एक तर सूत जाड आहे, नाहीतर खळ भरलेली आहे. ताण्याला विणण्यापूर्वी खळ द्यावीच लागते, नाहीतर मागावरच्या घासण्याने धागे तुटतात. ती खळ प्रक्रियेत धुऊन निघते. पण स्वस्त मालात शेवटी पुन्हा खळ भरतात, म्हणजे विरळ कापड घडीत गफ आणि वजनदार वाटतं. कापड दोन्ही हातांत धरून जोरात चोळा, पांढरी पूड झडली तर समजा. टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका, स्टार्च असेल तर डाग निळा-काळा होतो. नक्की किती भरलंय ते पाहायचं तर मोजलेला तोच तुकडा गरम पाण्यात साबणाने धुवा, कडक वाळवा आणि पुन्हा काट्यावर ठेवा. जेवढं घटलं तेवढी खळ, आणि तेवढ्याचे पैसे तुम्ही कापडाच्या भावाने मोजले होते.

कुर्त्या आटल्या त्याचं कारण या प्रक्रियेतच आहे. मागावर ताणा सतत ताणलेला असतो. पुढे धुलाई, रंगाई, सुकवणी या प्रत्येक टप्प्यावर कापड लांबीकडूनच खेचलं जातं. तो ताण कापडात तसाच राहतो. घरी पहिल्यांदा पाण्यात पडलं की तंतू फुगतात, धागा मोकळा होऊन आपली मूळची नागमोड घेतो आणि लांबी कमी होते. म्हणून सुती कापड पन्ह्यापेक्षा लांबीत जास्त आटतं. ४४ इंचांची कुर्ती पावणेदोन इंच आटली म्हणजे चार टक्के झाले. प्रक्रियेत आधीच न आटवलेल्या सुती कापडाला हे नवल नाही, मलमल आणि रेयॉन तर त्याहून जास्त आटतात. सॅन्फराइज केलेलं कापड मशिनीतच लांबीकडून दाबून आटवलेलं असतं, ते घरी जेमतेम एखादा टक्का आटतं. दुकानदार सॅन्फराइज्ड म्हणाला तरी नवीन ताक्यातून अर्ध्या मीटरहून थोडं जास्त कापून त्यावर पेनाने ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा. गिऱ्हाईक धुतं तसा धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा आणि मोजा. चौकोन १ सेंटिमीटरने कमी झाला तर २ टक्के. मग एक तर सगळं कापड भिजवून, वाळवून कापा, नाहीतर कापतानाच तेवढी लांबी धरा. माझं मत विचाराल तर भिजवा. लांबी वाढवून धरता येते, पण मुंढा आणि गळा आकसला की तो कपडा पुन्हा अंगात नीट बसत नाही.

याच जोडीने तिरकेपणा पाहा. काही कुर्त्या धुतल्यावर बाजूची शिवण फिरून पुढे येते. रंगाईत कापड तिरकं ओढलं गेलेलं असतं आणि धुतल्यावर धागे आपल्या जागी परत जातात. ताक्याचं टोक कात्रीने न कापता हाताने फाडा म्हणजे ते बाण्याच्या धाग्यावर सरळ फाटेल. मग किनार किनारीला लावून घडी घाला. फाटलेल्या कडा जुळल्या नाहीत, दोन-तीन इंच वरखाली झाल्या, तर कापड तिरकं आहे. थोडं असेल तर ओलं करून कोनांतून ओढून सरळ होतं, पॉलिस्टरमिश्रित मात्र होत नाही. कुर्तीची लांबी नेहमी ताण्यावर ठेवा. कापड वाचवायला काही जण भाग आडवे बसवतात, त्या कुर्त्यांचा घेर वेगळा पडतो आणि धुतल्यावर वेगळ्याच आटतात. उरेब पट्टी मात्र बरोबर कोनातच कापा, कारण ताणा-बाणा दोन्ही तिरपे झाले तरच ती गळ्याच्या वळणावर बसते.

चिंधीला किनार नसली तरी ताणा ओळखू येतो. दोन्ही दिशांनी ओढून पाहा, ताणा कमी ताणला जातो आणि बहुतेक कापडांत त्याच दिशेची दाटी जास्त असते. किनार असेल तर तिच्यावरून मागही कळतो. धोट्याच्या मागावर बाणा कडेला वळून परत आत येतो, म्हणून किनार बंद आणि गुळगुळीत. रेपियर किंवा एअरजेट या बिनधोट्याच्या मागांवर प्रत्येक बाणा कापला जातो, म्हणून कडेला दोऱ्यांची झालर दिसते. झालर दिसली म्हणून माल हलका समजू नका. उलट या मागांवर वीण बहुधा एकसारखी येते.

‘प्युअर कॉटन’ची फसवणूक ओळखायला चिमटीत धागे धरून जाळून पाहा. कापूस कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, मागे मऊ राखाडी राख. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी राहतो. दोन्हींचं मिश्रण असेल तर राखेत बारीक कडक कण बोटाला लागतात. ताणा आणि बाणा वेगवेगळे जाळा, कारण कधी ताण्यात पॉलिस्टर आणि बाण्यात सूत असतं. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो.

पण रेयॉन या परीक्षेत पास होतं. ते लाकडाच्या लगद्यापासून बनतं, कापसासारखंच सेल्युलोज आहे, म्हणून कापसासारखंच जळतं. तुम्हाला जे ‘भलतंच’ निघालं ते बहुधा हेच. त्याला पाणी लावा. कापडातून काढलेल्या एका धाग्याचा मधला भाग जिभेने किंवा बोटाने ओला करा आणि दोन्ही टोकं धरून ओढा. रेयॉन ओल्या जागीच सहज तुटतं, कारण ओलं झालं की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. कापूस ओला झाल्यावर उलट अधिक मजबूत होतो, तो कोरड्या जागी तुटेल. रेयॉन वाईट नाही. अंगावर सुंदर पडतं, मऊ असतं, घाम चांगला टिपतं. पण ते रेयॉन म्हणून आणि रेयॉनच्या भावात घ्यावं, गिऱ्हाइकालाही तसंच सांगावं. ‘ओलं असताना पिळू नका’ ही चिठ्ठी कुर्तीला लावली तर तक्रारी कमी होतील.

छापील कापडात उलटी बाजू पाहा. रिॲक्टिव्ह छपाईत रंग तंतूच्या आत जाऊन बसतो, उलट्या बाजूलाही बऱ्यापैकी दिसतो आणि कापड हाताला मऊ लागतं. पिगमेंट छपाईत रंग वर चिकटवलेला असतो. मागची बाजू पांढुरकी, छापलेली जागा थोडी ताठर, आणि काखेत, बाहीवर घासून तो फिका पडतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने गडद जागा वीस-पंचवीस वेळा घासली की काय ते कळतं.

होजिअरीचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या कामात ती कमी आहे. तिथे ताणा-बाणा नसतोच, एकाच धाग्याचे फासे एकमेकांत ओवलेले असतात, म्हणून ती ताणते. सिंगल जर्सी, रिब, इंटरलॉक, पीके हे तिचे प्रकार. बाजारात ती किलोवर विकतात, त्यामुळे तिथे जीएसएम हाच पहिला प्रश्न. जास्त जीएसएमचा माल घेतला तर एका किलोत टी-शर्ट कमी निघतात.

राहिला गणवेश. शर्टाला बहुतेक ठिकाणी ६७ टक्के पॉलिस्टर, ३३ टक्के कापूस चालतो, पँट-स्कर्टला ६५-३५ चं पॉलिस्टर-व्हिस्कोस (व्हिस्कोस म्हणजे रेयॉनच). ज्या घरात मुलाला एकच गणवेश आहे तिथे तो रात्री धुऊन सकाळी घालायचा असतो. हे कापड लवकर वाळतं, इस्त्री फारशी मागत नाही, झिजत नाही. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण हवेतली ओल धरायची शक्ती पाहिली तर कापूस आठ टक्क्यांच्या आसपास धरतो आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. पत्र्याच्या वर्गात बसलेल्या पहिली-दुसरीच्या पोरांच्या अंगावर एप्रिलमध्ये हा फरक घामोळ्यांच्या रूपाने दिसतो. शाळा ऐकत असेल तर लहान वर्गांना निम्मा तरी कापूस असलेलं शर्टिंग सुचवा. त्याचा भाव मीटरला थोडा जास्त पडेल, तो शाळेला आधी सांगा.

गणवेशाचं कापड घेताना चिठ्ठीवर एवढं लिहून घ्या: कोणत्या तंतूचे किती टक्के, सुताचे नंबर, रीड-पिक, तयार पन्हा, जीएसएम आणि रंगाईचा लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या मालाचा नंबर. लॉट कधी विसरू नका. एकाच निळ्या रंगाचे दोन लॉट दुकानातल्या दिव्याखाली सारखे दिसतात आणि मैदानात प्रार्थनेला पोरं उभी राहिली की वेगळे दिसतात. वर्षभराचं कापड एकाच लॉटचं उचला. तेवढी रक्कम एकदम अडकवता येत नसेल तर व्यापाऱ्याकडून लॉट बाजूला ठेवून घ्या, आणि जुन्या लॉटचा हातभर तुकडा जपून ठेवा. नवा ताका घेताना तो तुकडा सोबत न्या आणि दोन्ही कापडं दुकानाबाहेर उन्हात, ताणा एकाच दिशेला ठेवून, शेजारी शेजारी धरा.